महाराष्ट्रातील समान व सदृश नावांची रेल्वे स्थानके

महाराष्ट्रातील समान व सदृश नावांची रेल्वे स्थानके म्हणजे राज्याच्या लोहमार्ग जाळ्यातील अशी स्थानके, ज्यांची नावे तंतोतंत सारखी आहेत, एखाद्या उपपदानेच वेगळी ठरतात किंवा उच्चारात व लेखनात सहज गोंधळ व्हावा इतकी जवळची आहेत. दादर (मध्य) व दादर (पश्चिम), माटुंगा व माटुंगा रोड, बेलापूर व सीबीडी बेलापूर, नांदगाव व नांदगाव रोड, नेरळ व नेरूळ ही त्यांची ठळक उदाहरणे होत. ज्या गावाचे नाव स्थानकाला आहे ते गाव प्रत्यक्षात दुसऱ्याच जिल्ह्यात असावे, असेही अनेकदा घडते. खेड, इंदापूर, कर्जत व आळंदी ही नावे या दृष्टीने पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतील प्रवाशांना विशेष परिचयाची आहेत.

पार्श्वभूमी

मराठी मुलुखातील ग्रामनामे बहुधा झाडे, पाणी, देवता, बाजार किंवा वस्तीचा प्रकार यांवरून पडलेली आहेत. पिंपळावरून पिंपरी, पिंपळगाव, पिंपळवंडी, पिंपरखेड, वडावरून वडगाव, चिंचेवरून चिंचवड, चिंचोली, चिंचपोकळी, तळ्यावरून तळेगाव. ही घडण सर्वत्र सारखीच असल्यामुळे एकाच तालुक्यात एका नावाची दोन-तीन गावे असणे ही नित्याची गोष्ट आहे. लोकव्यवहाराने त्यावर स्वतःचे उपाय शोधले. मोठ्या गावाला बुद्रुक व धाकट्याला खुर्द म्हटले गेले. हे दोन्ही शब्द फारसीतून आले असून त्यांचे अर्थ अनुक्रमे थोर व लहान असे आहेत. अन्यत्र वतनदार घराण्याचे आडनाव (तळेगाव दाभाडे, तळेगाव ढमढेरे, लोणी काळभोर), ग्रामदैवत (आळंदी म्हातोबाची), प्रांत (वडगाव मावळ) किंवा जवळची नदी (देवळाली प्रवरा) नावाला जोडली गेली.

रेल्वे आली तेव्हा स्थानकाच्या पाटीवर यांतील पहिले पदच बहुधा उरले. कंपनीच्या लेखी तिच्या मार्गावर त्या नावाचे दुसरे स्थानक नसले म्हणजे पुरे होते. आजूबाजूच्या पंचक्रोशीत त्या नावाची किती गावे आहेत हा प्रश्न तिच्यापुढे नव्हता. पुढे जाळे विस्तारले, कंपन्या एकत्र आल्या आणि एकेकाळी परस्परांपासून दूर असलेली नावे एकाच वेळापत्रकात शेजारी येऊन बसली. तेव्हा रेल्वेने स्वतःची उपपदे वापरली: रोड, टाउन, फोर्ट, डेक्कन, ईस्ट, लोअर, टर्मिनस आणि अलीकडे सीबीडी, नवी व गाव. बुद्रुक-खुर्द ही देशी जोडी मात्र स्थानकांच्या नावांत क्वचितच आढळते. कोकण रेल्वेवरील कळंबणी बुद्रुक हा तसा एक अपवाद आहे.

मुंबई: दोन कंपन्या, एक गाव

मुंबईतील समान नावांचे मूळ एकोणिसाव्या शतकातील दोन खासगी कंपन्यांत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने पुढील दशकात गुजरातकडून येणारा मार्ग मुंबईत आणला. बेट अरुंद असल्याने दोन्ही मार्ग परळ-दादर-माटुंगा भागात एकमेकांच्या अगदी जवळून गेले आणि प्रत्येक कंपनीने आपापले स्थानक बांधले. स्वातंत्र्यानंतर ५ नोव्हेंबर १९५१ रोजी या कंपन्यांच्या जागी अनुक्रमे मध्य रेल्वे व पश्चिम रेल्वे हे विभाग अस्तित्वात आले, परंतु स्थानके दोनच्या दोनच राहिली.

दादर येथे दोन्ही स्थानके पादचारी पुलांनी जोडलेली असून प्रवाशांच्या दृष्टीने ते एकच ठिकाण आहे. रेल्वेच्या दफ्तरात मात्र त्यांचे संकेत वेगळे आहेत. पश्चिमेचा डीडीआर आणि मध्यचा डीआर. दोन्हीकडे फलाटांची मोजणी एकपासून होत असल्याने 'दादरचा एक नंबर' असे म्हटल्यास दोन निरनिराळ्या जागांचा बोध होई. गाडी सुटायला दोन मिनिटे उरलेली असताना चुकीच्या पुलावरून उतरलेल्या प्रवाशाला हा भेद चांगलाच जाणवत असे. डिसेंबर २०२३ मध्ये फलाटांना सलग क्रमांक देण्यात आले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ हे क्रमांक मिळाले. नाव न बदलता केवळ आकड्यांनी गोंधळ कमी करण्याचे हे राज्यातील बहुधा सर्वांत चांगले उदाहरण होय.

दादरच्या पुढे दोन कंपन्यांनी वेगळी वाट धरली. मध्य रेल्वेवरील स्थानक माटुंगा, तर पश्चिम रेल्वेवरील माटुंगा रोड. परळच्या बाबतीत मध्य रेल्वेवर परळ आणि पश्चिम रेल्वेवर लोअर परळ अशी नावे पडली. परळला पुलाने जोडलेले पश्चिम रेल्वेचे स्थानक मात्र लोअर परळ नसून एल्फिन्स्टन रोड हे होते. जुलै २०१८ मध्ये त्याचे नाव प्रभादेवी झाले. त्यामुळे मुंबईत दोन विरुद्ध प्रकार एका हाकेच्या अंतरावर पाहावयास मिळतात: दादरला एकाच नावाची दोन स्थानके, आणि परळला एकाच जागेची दोन नावे.

मुंबई सेंट्रल हे नाव तर नवख्याला हमखास फसवते. १९३० मध्ये सुरू झालेले हे टर्मिनस पश्चिम रेल्वेचे आहे. मध्य रेल्वेचे मुख्यालय व मुख्य टर्मिनस म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. येथील 'सेंट्रल' हा शब्द शहराच्या मध्यवर्तीपणाचा निदर्शक असून रेल्वे विभागाचा नव्हे. मध्य व पश्चिम विभाग स्थापन होण्यापूर्वी दोन दशके हे नाव पडले होते, म्हणजे दोष नाव देणाऱ्यांकडे जात नाही.

लोकमान्य टिळक टर्मिनस, त्याच्या जवळचे हार्बर मार्गावरील टिळकनगर आणि मुख्य मार्गावरील कुर्ला हे आणखी एक त्रिकूट आहे. टर्मिनसचे पूर्वीचे नाव कुर्ला टर्मिनस असल्याने जुने प्रवासी आजही 'कुर्ल्याहून गाडी आहे' असे सांगतात, आणि पाहुणा कुर्ला स्थानकाच्या फलाटावर वाट पाहत राहतो.

'रोड' या उपपदाचे दोन अर्थ

समान नावे वेगळी करण्यासाठी राज्यात सर्वाधिक वापरले गेलेले उपपद 'रोड' हे आहे. त्याचा अर्थ मात्र सर्वत्र एक नाही.

मुंबई शहरातील ग्रँट रोड, सँडहर्स्ट रोड, रे रोड ही नावे प्रत्यक्ष रस्त्यांवरून आलेली असून ते रस्ते मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावांचे होते. येथे रोड म्हणजे खरोखरच रस्ता. शहराबाहेर हाच शब्द 'अमुक गावाकडे जाणाऱ्या वाटेवरचे स्थानक' या अर्थाने येतो. म्हणजे ज्या गावाचे नाव आहे ते गाव स्थानकापाशी नाही, अशी ती सूचनाच असते. नाशिक रोड हे नाशिक शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. भंडारा रोड हे भंडाऱ्यात नसून वरठी येथे आहे. अक्कलकोट रोड, श्रीगोंदा रोड, सासवड रोड, राजापूर रोड, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड, डहाणू रोड, वसई रोड ही सर्व याच जातीची नावे होत.

लातूर व लातूर रोड ही जोडी या बाबतीत सर्वांत फसवी आहे. लातूर रोड हे चाकूर तालुक्यातील जंक्शन असून लातूर शहरापासून तीस किलोमीटरहून अधिक दूर आहे. शहराचे स्वतंत्र स्थानक लातूर या नावाने आहे. पहिल्याचा संकेत एलटीआरआर, दुसऱ्याचा एलयूआर. लातूरला जाणाऱ्याने लातूर रोडचे तिकीट काढल्यास पुढील प्रवासासाठी दुसरे वाहन शोधावे लागते. तुमसर येथे हीच अडचण तुमसर रोड व तुमसर टाउन अशा दोन नावांनी सोडविलेली आहे, आणि ती अधिक सुबोध म्हणावी लागेल. कारण 'टाउन' हा शब्द गाव कोणत्या स्थानकाजवळ आहे ते सांगतो, तर नुसत्या 'रोड'वरून ते गाव किती दूर आहे याचा काहीच अंदाज येत नाही.

दोन दूरच्या गावांची नावे सारखी असल्यामुळे 'रोड' कामी आल्याचीही उदाहरणे आहेत. नाशिक जिल्ह्यातील नांदगाव हे भुसावळ-मनमाड मार्गावरील जुने स्थानक. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्यात कोकण रेल्वेचे नांदगाव रोड. गोरेगाव हे मुंबईचे उपनगर. गोरेगाव रोड हे रायगड जिल्ह्यात माणगाव व वीर यांच्या दरम्यान. मुंबईतील चाकरमान्यांच्या गावाकडच्या वाटेवरच दुसरे गोरेगाव येत असल्याने 'कोणते गोरेगाव?' हा प्रश्न त्या भागात नेहमीचाच.

'रोड'ची एक परिणती नामशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. स्थानकाभोवती वस्ती वाढली की स्थानकाचे नाव त्या वस्तीचेच नाव होते. नाशिक रोड हे आज नाशिक महानगरातील एका मोठ्या भागाचे नाव आहे. देहूरोड ही तर स्वतंत्र छावणी बनली. श्री संत तुकाराम महाराजांचे देहू तेथून काही किलोमीटर आत, इंद्रायणीच्या काठी आहे. पुणे-लोणावळा लोकलने देहूरोडला उतरलेला भाविक देहूत पोहोचलेला नसतो. त्याला पुढची वाट धरावीच लागते.

पुणे जिल्हा: गळालेले दुसरे पद

ग्रामनामाचे दुसरे पद गळून स्थानकाला पहिलेच पद उरण्याचा प्रकार पुणे जिल्ह्यात सर्वाधिक स्पष्ट दिसतो.

पुणे-लोणावळा मार्गावरील तळेगाव स्थानक हे तळेगाव दाभाडे येथील. शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे येथे रेल्वे नाही. त्याच मार्गावरील वडगाव म्हणजे वडगाव मावळ, जिथे १७७९ साली मराठे व इंग्रज यांच्यात तह झाला. पुणे शहराच्या पोटातील वडगाव शेरी व वडगाव बुद्रुक यांच्याशी त्याचा संबंध नाही. पुणे-दौंड मार्गावरील लोणी हे लोणी काळभोरचे स्थानक. आंबेगाव तालुक्यातील लोणी किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेचे लोणी यांचे नव्हे. पुढचे उरुळी हे उरुळी कांचन, आणि उरुळी देवाची हे गाव निराळे.

या मालिकेतील सर्वांत महत्त्वाचे नाव आळंदी. संत ज्ञानेश्वरांच्या समाधीमुळे 'आळंदी' म्हणताच जे गाव डोळ्यांपुढे येते ते खेड तालुक्यातील इंद्रायणीकाठची देवाची आळंदी. तेथे रेल्वे स्थानक नाही. पुणे-मिरज मार्गावर फुरसुंगीच्या पुढे आळंदी नावाचे जे स्थानक आहे ते हवेली तालुक्यातील आळंदी म्हातोबाची या गावाचे. दोन्ही गावे पुणे शहराच्या विरुद्ध दिशांना आहेत. एक उत्तरेला, दुसरे आग्नेयेला. आषाढी वारीला किंवा कार्तिकी यात्रेला राज्याबाहेरून प्रथमच येणाऱ्या भाविकाने स्थानकांच्या यादीत 'आळंदी' शोधल्यास त्याला हेच दुसरे नाव सापडते. समाधी मंदिराला जाण्यासाठी पुणे स्थानकावर उतरून रस्त्याने जाणे हाच योग्य मार्ग होय. बोलीत 'देवाची आळंदी' व 'चोराची आळंदी' असा भेद फार जुना आहे, आणि भलत्याच ठिकाणी पोहोचलेल्या माणसाविषयी तो देवाच्या आळंदीला निघाला व चोराच्या आळंदीला गेला असे म्हणण्याची रीत आहे. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला हा भेद पाटीवर एका शब्दाने दाखविता आला असता.

रांजणगावचे उदाहरण याच्या जवळचे आहे. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे रांजणगाव पुणे-अहिल्यानगर महामार्गावर शिरूर तालुक्यात आहे. दौंड-मनमाड मार्गावरील रांजणगाव रोड हे स्थानक अहिल्यानगर जिल्ह्यात विसापूर व सारोळा यांच्या दरम्यान असून गणपतीच्या दर्शनासाठी तेथे उतरणे सोयीचे नाही. अष्टविनायकांतील लेण्याद्री व ओझर ही जुन्नर तालुक्यातील दोन्ही स्थाने तर रेल्वेपासून पूर्णतः दूरच आहेत.

तालुक्याचे गाव एकीकडे, स्थानक दुसरीकडे

काही तालुका मुख्यालयांच्या नावाचे स्थानक राज्यात आहे, पण ते त्या तालुक्यात नाही. खेड हे पुणे जिल्ह्यातील तालुक्याचे नाव. तालुक्याचे गाव हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्या स्मरणार्थ राजगुरुनगर म्हणून ओळखले जाते. रेल्वेचे खेड मात्र रत्नागिरी जिल्ह्यात, कोकण रेल्वेवर. इंदापूर हाही पुणे जिल्ह्यातील तालुका. त्या तालुक्यातील प्रवासी भिगवण स्थानक वापरतात, आणि इंदापूर नावाचे स्थानक रायगड जिल्ह्यात कोलाड व माणगाव यांच्या दरम्यान आहे. कर्जत हे रायगडमधील घाटपायथ्याचे जंक्शन सर्वपरिचित. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही.

बेलापूरची कथा थोडी वेगळी आहे. दौंड-मनमाड मार्गावरील बेलापूर स्थानक ज्या शहरात आहे त्याचे नाव श्रीरामपूर. मूळ बेलापूर गाव तेथून काही अंतरावर प्रवरेच्या काठी आहे. स्थानकाच्या भोवती बाजारपेठ वाढून श्रीरामपूर शहर उभे राहिले तरी स्थानकाचे नाव जुनेच चालत आले. दुसरे बेलापूर नवी मुंबईत. तेथील स्थानक हार्बर मार्गावर सीबीडी बेलापूर या नावाने आहे. म्हणजे श्रीरामपूरला जायचे तर बेलापूरचे तिकीट काढावे लागते आणि नवी मुंबईच्या बेलापुरास जायचे तर सीबीडी बेलापूरचे. संकेत अनुक्रमे बीएपी व बीईपीआर.

माहीमच्या बाबतीतही पालघर जिल्ह्यात जुने माहीम आहे, जे शेजारच्या केळव्यासह केळवे-माहीम म्हणून ओळखले जाते. तेथील स्थानकाला केळवे रोड हे नाव असल्याने मुंबईच्या माहीमशी होऊ शकणारा गोंधळ मुळातच टळला.

एक शहर, दोन नावे

चंद्रपूर शहरात चंद्रपूर व चांदा फोर्ट अशी दोन स्थानके आहेत. चांदा हे शहराचेच जुने नाव असून बाहेरगावचा प्रवासी ही दोन निरनिराळी गावे समजण्याचा संभव असतो. वर्ध्याजवळील वर्धा ईस्ट हे स्थानक पुढे सेवाग्राम झाले. नागपूर-बल्लारशाह दिशेच्या गाड्या त्या स्थानकावरून जातात. अमरावती शहरात अमरावती व नवी अमरावती अशी स्थानके असून मुख्य मार्गावरील बडनेरा जंक्शनही त्याच शहराची गरज भागवते.

हिंगोली स्थानकाच्या नावात 'डेक्कन' हे पद आढळते. हैदराबाद डेक्कन हे त्याच पद्धतीचे अधिक प्रसिद्ध नाव. अखंड हिंदुस्थानात सिंधमधील हैदराबादही रेल्वेच्या नकाशावर होते, त्यामुळे दख्खनचे हैदराबाद वेगळे दाखविणे आवश्यक होते. फाळणीनंतर सिंधचे हैदराबाद भारतीय वेळापत्रकातून गेले, उपपद मात्र राहिले.

उच्चारसाम्य व लिपीचा प्रश्न

नावे एक नसूनही जवळची असल्यास अडचण अधिक सूक्ष्म होते, कारण त्यांना उपपद देण्याची गरज कोणालाच वाटत नाही. नेरळ हे कर्जत मार्गावरील स्थानक असून तेथून माथेरानची छोटी गाडी सुटते. नेरूळ हे नवी मुंबईत. दोन्हीकडे जाणाऱ्या लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरूनच निघतात, पण वेगळ्या मार्गांनी. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ व स्वर स्पष्ट उच्चारल्यास फरक कळतो. हिंदी पाटीवर 'ळ'चा 'ल' होतो आणि रोमन लिपीत केवळ एका स्वराचे अंतर उरते.

याच वर्गात वांगणी (कर्जत मार्ग) व वाणगाव (डहाणू मार्ग), भिवपुरी रोड व भिवंडी रोड, लोणंद व लोणावळा, कसारा व कासारवाडी या जोड्या येतात. कोपर, कोपरखैरणे व कोपरगाव या तिघांपैकी पहिले डोंबिवलीजवळ, दुसरे नवी मुंबईत आणि तिसरे अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. शेलू, सेलू व सेलू रोड यांचीही अशीच फारकत आहे: शेलू नेरळच्या अलीकडे, सेलू परभणी जिल्ह्यात आणि सेलू रोड वर्धा-नागपूर मार्गावर. मराठी भाषकाला 'श' व 'स' यांचा भेद सहज कळत असला तरी परप्रांतीय तिकीट बाबूकडून तशी अपेक्षा करता येत नाही.

राज्याबाहेरील नावांशी साम्य हा आणखी एक भाग. परळी वैजनाथ हे बीड जिल्ह्यातील ज्योतिर्लिंग क्षेत्राचे स्थानक. केरळमध्ये पालक्काडजवळ परळी नावाचे दुसरे स्थानक आहे. दत्तभक्तांचे गाणगापूर रोड हे सोलापूर-वाडी मार्गावर कर्नाटकात असून मंदिर तेथून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. राजस्थानातील गंगापूर सिटीशी त्याचा संबंध नाही. ठाणे-वाशी मार्गावर जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेले दिघा गाव आणि पश्चिम बंगालमधील समुद्रकिनाऱ्यावरचे दिघा यांच्या नावांत 'गाव' या एका पदाचा फरक आहे.

आद्याक्षरांचा गोंधळ

महापुरुषांच्या नावे झालेल्या नामांतरांतून समानतेचा एक नवा प्रकार निर्माण झाला आहे. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये 'महाराज' हे पद जोडले गेले. कोल्हापूरच्या स्थानकाचे नाव छत्रपती शाहू महाराज टर्मिनस असे आहे. इंग्रजी आद्याक्षरे घेतली तर दोन्हींची सीएसएमटी अशीच होतात. कोयना एक्सप्रेस व महालक्ष्मी एक्सप्रेस या गाड्या नेमक्या याच दोन टर्मिनसांना जोडतात, त्यामुळे आद्याक्षरांच्या भाषेत त्या सीएसएमटीहून सीएसएमटीला धावतात. प्रत्यक्षात सीएसएमटी हा संकेत मुंबईचा असून कोल्हापूरसाठी केओपी हा जुना संकेत चालत आला आहे. महालक्ष्मी नावाचे स्थानकही मुंबईत आहे, पण पश्चिम रेल्वेवर. महालक्ष्मी एक्सप्रेसचा त्याच्याशी काही संबंध नाही.

नामांतराने साम्य संपल्याचीही उदाहरणे आहेत. औरंगाबाद हे नाव महाराष्ट्रात व बिहारमध्ये दोन्हीकडे होते. बिहारमधील औरंगाबादचा प्रवासी अनुग्रह नारायण रोड हे स्थानक वापरत असल्याने रेल्वेच्या यादीत थेट टक्कर नव्हती, तरी शहराच्या नावाने शोध घेणाऱ्याची गल्लत होई. २०२५ मध्ये मराठवाड्यातील स्थानकाचे नाव छत्रपती संभाजीनगर असे झाले.

मुंबईतील ब्रिटिशकालीन नावे बदलण्याचा ठराव राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये केला. त्यात करी रोडसाठी लालबाग, सँडहर्स्ट रोडसाठी डोंगरी, चर्नी रोडसाठी गिरगाव व डॉकयार्ड रोडसाठी माझगाव ही नावे सुचविण्यात आली.

नियम व संकेत

स्थानकाचे नाव ठरविणे किंवा बदलणे हा केवळ रेल्वेच्या अखत्यारीतील विषय नाही. राज्य शासनाच्या प्रस्तावावर केंद्रीय गृह मंत्रालयाची हरकत नसल्याचे कळल्यानंतरच बदल होतो. यासाठी गृह मंत्रालयाने १९५३ मध्ये घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे आजही आधारभूत मानली जातात. नवे नाव निवडताना त्या राज्यात किंवा शेजारी त्याच नावाचे दुसरे गाव असून गोंधळ होणार नाही ना, हे पाहावे अशी सूचना त्यांत आहे. ही तत्त्वे नव्या नावांना लागू पडतात. त्यापूर्वी शंभर वर्षांत पडलेली नावे तशीच राहिली.

व्यवहारात गोंधळ टाळण्याचे मुख्य साधन म्हणजे स्थानक संकेत. प्रत्येक स्थानकाला रोमन अक्षरांचा एक संक्षिप्त संकेत असून तो देशभरात पुन्हा वापरला जात नाही. आरक्षित तिकिटावर तो छापलेला असतो. नांदगावचा एनजीएन व नांदगाव रोडचा एनएएन, गोरेगावचा जीएमएन व गोरेगाव रोडचा जीएनओ, असे पाहिल्यास नावांतील साम्य निरुपद्रवी ठरते. अनारक्षित तिकीट खिडकीवर तोंडी मागितले जाते, आणि खऱ्या चुका तेथेच होतात. अशी चूक स्वस्त नसते. योग्य तिकीट नसताना प्रवास केल्यास भाड्याच्या फरकाबरोबर किमान २५० रुपये जादा आकार भरावा लागतो, आणि नावाच्या साम्यामुळे चूक झाली ही सबब त्यातून सुटका करीत नाही.

पुणे मेट्रोने शिवाजीनगर, खडकी, दापोडी व कासारवाडी ही लोहमार्गावरील स्थानकांचीच नावे आपल्या स्थानकांना दिली आहेत. ही ठिकाणे एकमेकांजवळ असल्याने येथील समानता प्रवाशाला उपयुक्तच ठरते.

जपानमधील पद्धती

समान नावांचा प्रश्न सर्वाधिक पद्धतशीरपणे हाताळणारा देश म्हणून जपानचा उल्लेख होतो. तेथे दुसऱ्या स्थानकाच्या नावापूर्वी जुन्या प्रांताचे नाव जोडण्याची रूढी पडली. मुसाशी-कोसुगी किंवा मुसाशी-कोगानेई या नावांतील मुसाशी हा तोक्यो परिसराचा जुना प्रांत होय. वेगळ्या जागी नवे स्थानक झाल्यास 'शिन' म्हणजे नवे हे पद लागते, जसे शिन-ओसाका व शिन-योकोहामा. साइतामा शहरात उरावा हे नाव असलेली आठ स्थानके आहेत: नुसते उरावा, मग उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम व मध्य उरावा, आणि शिवाय मुसाशी-उरावा व उरावा-मिसोनो. तरीही साम्य पूर्णपणे संपलेले नाही. फुकुशिमा नावाचे एक स्थानक त्याच नावाच्या प्रांतात व दुसरे ओसाकात आहे, आणि तोक्योतील असाकुसा येथे एकाच नावाची पण परस्परांपासून काहीशे मीटर दूर असलेली स्थानके निरनिराळ्या कंपन्या चालवितात. दादरच्या प्रवाशाला हे अनोळखी वाटणार नाही.

दोन्हीकडच्या पद्धतींत एक मूलभूत अंतर आहे. जपानी उपपद भूगोल सांगते. ते वाचून स्थानक कोणत्या प्रांतात किंवा दिशेला आहे हे कळते. महाराष्ट्रातील 'रोड' एवढेच सांगतो की गाव येथे नाही. प्रांत सांगणारी मावळ, प्रवरा यांसारखी पदे मराठी ग्रामनामांत आधीपासून आहेत, परंतु ती पाटीपर्यंत पोहोचली नाहीत.

जुन्नर व आंबेगाव तालुके

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत आजवर एकही रेल्वे स्थानक नाही. पिंपळवंडी, नारायणगाव, आळेफाटा किंवा मंचर येथील प्रवासी रेल्वेसाठी पुण्याला किंवा माळशेज घाटातून कल्याणला जातात. पुणे-नाशिक द्रुतगती रेल्वेच्या आराखड्यात मात्र आळंदी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव व आळे ही स्थानके दाखविण्यात आली होती. नारायणगावजवळील खोडद येथे असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण प्रकल्पाच्या कामात अडथळा येण्याच्या प्रश्नावरून या मार्गाचा फेरविचार झाला असून परिसरातून मूळ मार्गाची मागणी सुरू आहे.

नावांच्या दृष्टीने या आराखड्यात दोन गोष्टी लक्षात येतात. खेड तालुक्यातील स्थानकासाठी राजगुरुनगर हे नाव धरल्याने कोकण रेल्वेवरील खेडशी होणारी टक्कर टळते. आळंदीचे मात्र तसे नाही. देवाच्या आळंदीला स्थानक झाले तर पुणे जिल्ह्यात एकाच नावाची दोन स्थानके होतील, आणि पुणे-मिरज मार्गावरील जुन्या आळंदीला 'म्हातोबाची' हे तिचे पद परत द्यावे लागेल किंवा नव्या स्थानकाला 'देवाची' हे पद लावावे लागेल.